चाल आधी, चेहरा नंतर: एचओ डिझेल इंजिनाचं मॉडेल कसं पारखावं

एकच एसडी४०-२, म्हणजे एका अमेरिकन डिझेल इंजिनाचं छोटं मॉडेल. एक जण म्हणतो, लोण्यासारखं चालतं. दुसरा म्हणतो, नाकाचा उतार चुकलाय, बघवत नाही. तिसऱ्याच्या मते आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. तिघंही खरं बोलत असतात. पहिला दर रविवारी चार-चार तास गाड्या पळवतो, दुसऱ्याकडे खऱ्या इंजिनांच्या फोटोंनी भरलेलं कपाट आहे आणि तिसरा डोळे मिटून ऐकणारा. दर्जा म्हणून तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत, एवढंच. म्हणून 'कुठली कंपनी चांगली?' हा प्रश्न सोडून द्या आणि हातात आलेलं इंजिन स्वतः तपासायला शिका. दुपारभराचं काम आहे.

मी पुण्यात फ्लॅटच्या एका खोलीत, सहा बाय चार फुटांच्या फळीवर हा उद्योग करतो. माप एचओ, म्हणजे १:८७, आणि इंजिनं अमेरिकन डिझेल. भारतीय का नाहीत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी; एचओ मापात तो १९.२ मिमी भरतो. बाजारात मिळणारे एचओचे रूळ आणि चाकं मात्र १६.५ मिमीची, म्हणजे स्टँडर्ड गेजची. भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे बरेच जण त्याच रुळांवर भागवून घेतात. पण अमेरिकन इंजिनं आपल्याला तशी परकी नाहीत. १९६२ पासून आलेलं डब्ल्यूडीएम-२ हे ॲल्कोचं, आणि आजचं डब्ल्यूडीजी-४ ईएमडीच्या घराण्यातलं; दोन्ही अमेरिकन कंपन्या. नात्यातलीच माणसं म्हणायची.

एक शब्द आधीच नक्की करून घेऊ. पुढे मी 'बोगी' म्हणतो ती डब्याला म्हणतात ती नव्हे. इंजिनाखालचा वळणारा चाकांचा संच, ती बोगी.

पहिली पायरी: मत कुणाचं आणि कुठल्या सालचं

कंपनीच्या नावावरून दर्जा ठरवणं ही सगळ्यात मोठी फसगत. जुन्या बाकमन इंजिनांत एकाच बोगीत बसवलेली चपटी मोटर असायची. ओढ कमी आणि आवाज मिक्सरचा. ज्यांनी तेव्हा हात पोळून घेतले ते आजही बाकमन म्हटलं की तोंड वाकडं करतात. आजच्या बाकमनमध्ये मधोमध मोटर, दोन फ्लायव्हील (चाल सलग ठेवणारी जड चाकं) आणि दोन्ही बोगींना गती असते. उलटंही होतं. प्रोटो २००० ही मालिका १९८९ मध्ये बीएल२ हे इंजिन घेऊन आली तेव्हा तिने बारकाव्यांचा दर्जा एकदम वर नेला, आणि त्या काळातली स्तुती अजून तोंडोतोंडी फिरते. पण त्या मालिकेतल्या जुन्या इंजिनांचे आसावरचे प्लास्टिकचे गिअर वयानुसार तडकतात, हेही तितकंच सर्वज्ञात आहे. मालिका २००५ मध्ये वॉल्थर्सकडे गेली. नाव तेच असलं तरी पेटीतला माल कुठल्या काळचा हे विचारल्याशिवाय मताला अर्थ नाही.

शिवाय एकाच कंपनीत पायऱ्या असतात. वॉल्थर्समध्ये ट्रेनलाइन, मेनलाइन, प्रोटो. स्केलट्रेन्समध्ये ऑपरेटर आणि रिव्हेट काउंटर. अथर्नमध्ये जेनेसिस ही वरची पंगत. 'अथर्न घेतलं, हँडरेल जाडजूड निघाली' अशी तक्रार ऐकलीत तर आधी विचारा, निळ्या पेटीतलं जुनं की जेनेसिस? निळ्या पेटीतल्या जुन्या जीपी३५ आणि एसडी४५चं हूड, म्हणजे मोटर झाकणारं लांबट आवरण, खऱ्यापेक्षा रुंद आहे, कारण त्यात तेव्हाची मोटर मावायला हवी होती. १९८० च्या दशकात आलेल्या जीपी३८-२ला ते दुखणं नाही. तरी या निळ्या पेट्यांवर जुनी मंडळी जीव टाकतात. स्क्रू-ड्रायव्हर, सुटे भाग आणि एक संध्याकाळ असली की ती उघडता येतात, जोडता येतात.

कुणी मत दिलं की मी तीन प्रश्न विचारतो. किती तास चालवलंत? कुठल्या वळणावर? डीसीवर (रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून) की डीसीसीवर (रुळातून इंजिनातल्या डीकोडर नावाच्या छोट्या सर्किटला हुकूम पाठवून)? तिसऱ्या प्रश्नाने निम्मी भांडणं मिटतात. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी: सामान मांडा

मीटरभर सरळ, स्वच्छ रूळ. खाली आरशाची काच असली तर उत्तम, कारण काच सपाट असते आणि टेबल बहुधा नसतं. साधा डीसी कंट्रोलर, मल्टिमीटर, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, स्टीलची पट्टी, भिंग. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल-रेल्वे संघटनेचा पत्र्याचा मापक आणि केडी कंपनीचा कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची, उंची तपासायचा मापक या दोन वस्तू मात्र विकत घ्याच. पुढच्या वीस इंजिनांना त्याच पुरतात.

अमेरिकेतून कुणी भाऊ-बहीण कंट्रोलर आणणार असेल तर आधी त्याची मागची पट्टी वाचायला सांगा. तिथला पॅक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात सरळ खुपसलात तर एक ठिणगी, एक वास, संपलं.

तिसरी पायरी: पट्टी, भिंग आणि एक फोटो

पेटीतून काढताना इंजिन इंधनटाकीजवळ, पोटाशी धरा. हँडरेलला धरून उचललेलं इंजिन पहिल्या दिवशीच वाकडं होतं, आणि दोष कंपनीच्या नावावर जमा होतो.

आता पट्टी. एचओमध्ये खऱ्या १ फुटाला ३.५ मिमी. खऱ्या एसडी४०-२ची लांबी ६८ फूट १० इंच, म्हणजे मॉडेल साधारण २४१ मिमी यायला हवं. जीपी३८-२ ५९ फूट २ इंच, म्हणजे २०७ मिमी. मॉडेलचे कपलर थोडे पुढे आलेले असतात, तेव्हा दोन-तीन मिमीवरून आकांडतांडव करू नका. मी लांबीपेक्षा उंचीकडे जास्त बघतो. इंजिनाची कड आणि बोगी यांच्यामधली फट मोठी असेल तर इंजिन गुडघ्यावर चड्डी वर ओढल्यासारखं दिसतं, मग रंग कितीही सुरेख असो.

मग फोटो. पेटीवर ज्या रेल्वेचं नाव आणि जो क्रमांक छापलाय, त्याच इंजिनाचा त्याच काळातला फोटो शोधा. एसडी४०-२च्या दोन्ही टोकांना लांबलचक मोकळे ओटे असतात. ते या इंजिनाचं लक्षण, चूक नव्हे. पण सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेंनी पुढचं हूडही उंचच मागवलं होतं. त्यांच्या रंगात बुटक्या नाकाचं मॉडेल दिसलं तर शंका घ्या. सदर्न पॅसिफिकच्या इंजिनांच्या तोंडावर दिव्यांचा जो मेळा असे, तो मॉडेलवर नसेल तर कंपनीने सगळ्यांना एकच साचा वापरून फक्त रंग बदललाय.

अक्षरं भिंगातून बघा. कडा स्वच्छ आहेत का, दोन रंगांची सीमारेषा दरवाज्याच्या बिजागरीवरून जाताना फुटते का, रंगाच्या थराखाली रिव्हेट बुडालेत का. हँडरेलच्या रेषेत एक डोळा मिटून टोकाकडून बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. लवचीक प्लास्टिकची हँडरेल थोडी नागमोडी असते आणि तिच्यावरचा रंग टिकत नाही. तारेची असली तर सरळ, पण एकदा वाकली की वाकली.

इतकं करून मी इंजिन बाजूला ठेवतो आणि चहा घेतो. चेहऱ्यावर जीव जडला की माणूस चालीतले दोष माफ करायला लागतो.

चौथी पायरी: चाल

इथे घाई नको. डीकोडर नसलेलं इंजिन डीसीवर ठेवा, मल्टिमीटर लावा आणि शून्यापासून अगदी हळू व्होल्टेज वाढवा. चाकं पहिल्यांदा हलली तो आकडा लिहून ठेवा. मग अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने चालवा आणि पुन्हा तेच मोजा. नवं इंजिन आखडलेलं असतं. चालवून झाल्यावर आकडा उतरला तर ठीक. चढला, किंवा मोटर हाताला चांगलीच गरम लागली, तर काहीतरी घासतंय.

रांगण्याची परीक्षा अशी. रुळावर बरोबर १ मीटर अंतराच्या दोन खुणा करा आणि घड्याळ घ्या. खऱ्या ताशी ६० किमीला एचओ इंजिन हा मीटर ५ सेकंदांच्या जरा वर कापतं. ताशी १० किमीला ३१ सेकंद. ताशी ३ किमी, म्हणजे यार्डात डबे जोडायला जाणारं इंजिन, त्याला पावणेदोन मिनिटं लागायला हवीत. पावणेदोन मिनिटं न अडखळता, न उसळता जाणारं इंजिन हातात आलं की समजा, निम्मी लढाई जिंकली. काटोच्या इंजिनांचं इतकं नाव का, हे मला असंच एका दुपारी घड्याळ हातात असताना कळलं. बारकाव्यात त्यापेक्षा सरस इंजिनं माझ्याकडे होती; पण ते मात्र घड्याळाच्या तासकाट्यासारखं सरकत होतं.

अडखळलं तर लगेच मोटरला शिव्या घालू नका. कागदाचा तुकडा घ्या, पुढच्या बोगीच्या चाकांखाली सरकवा, म्हणजे वीज फक्त मागच्या बोगीतून येईल. इंजिन थरथरलं, चालायचा प्रयत्न केला तर मागची बोगी ठीक. आता कागद मागे. एका बाजूने मेलेलं आढळलं तर बोगीवरून वर जाणारी तार सुटलीय किंवा चाकामागची पितळी पट्टी चाकाला टेकत नाहीये. पाच मिनिटांची दुरुस्ती. आणि तेवढ्यासाठी लोक 'भंगार आहे' म्हणून अर्ध्या किमतीत इंजिन विकतात. मी अशी दोन घेतली आहेत, आनंदाने.

चाकं बघायची राहिली. मापकात घालून दोन चाकांमधलं अंतर तपासा, प्रत्येक आसाचं. सांध्यावर उडी मारणारं इंजिन शंभरातून साठ वेळा इथेच सापडतं. हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण अंदाज वीस वर्षांचा आहे.

वंगणाबद्दल एकच: प्लास्टिकला चालणारं, आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढं. नव्या इंजिनात कारखान्यातूनच जास्तीचं ग्रीस येतं आणि ते रुळांवर सांडून चाकं घसरवतं. आधी पुसा.

पाचवी पायरी: टिक-टिक आणि फुगवटा

जुनं इंजिन घेणाऱ्यांनी ही पायरी चुकवू नये. इंजिन हळू चालवा, कान जवळ न्या. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यामागे एकदा 'टिक' आणि बारीकसा धक्का येत असेल तर आसावरचा गिअर तडकलेला आहे. अर्ध्या-अर्ध्या आसांवर प्लास्टिकचा गिअर दाबून बसवलेला असतो. वर्षानुवर्षं ताणात राहून तो दोन दातांमध्ये फाटतो. फट एखाद्या केसाएवढी, पण तिथले दोन दात एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि दरवेळी त्यावरून उडी पडते. बोगीचं खालचं झाकण काढून भिंगातून बघा, दिसतंच. गिअर बदलला की इंजिन नवं होतं. त्यामुळे टिक-टिक हा नकाराचा मुद्दा नाही, घासाघिशीचा मुद्दा आहे.

फुगवटा मात्र नकाराचाच. वजनासाठी आत जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव चासी असतं. ओतताना त्यात शिसं किंवा तसली भेसळ राहिली तर काही वर्षांनी धातू आतून कुजतो, फुगतो, तडकतो. लक्षणं अशी: हूड चासीवर नीट बसत नाही, दोन्ही टोकांचे कपलर केळ्यासारखे खाली झुकतात, धातूवर बारीक जाळीदार भेगा दिसतात. याला औषध नाही. ब्रिटिश डबल-ओ मापातल्या क्लास ३१ इंजिनाच्या काही मॉडेलांमुळे तिकडचे छांदिष्ट या रोगाला चांगले ओळखून आहेत. आरशाच्या काचेवर इंजिन ठेवून पट्टी लावली की वाक लपत नाही.

सहावी पायरी: ओढ

स्वयंपाकघरातला काटा आता कामाला येतो. काट्यावर ३०० ग्रॅमचं वजन ठेवा. त्याला दोरा बांधा, दोरा सरळ वर छोट्या कप्पीवरून नेऊन इंजिनाच्या कपलरला अडकवा. इंजिन चालू करा. दोरा ताणला जाईल, चाकं जागच्या जागी घसरायला लागतील आणि काट्यावरचा आकडा उतरेल. ३०० चे २०५ झाले, तर ओढ ९५ ग्रॅम.

चाकांवर पकडीसाठी रबरी कडी नसलेलं इंजिन साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओढतं, म्हणजे अर्ध्या किलोचं सहा आसांचं इंजिन १०० ग्रॅमच्या आसपास. एनएमआरएच्या शिफारशीनुसार सहा इंची डबा ११३ ग्रॅमचा. चांगल्या चाकांचा असा डबा शंभरास दोनच्या चढावर अंदाजे ५ ग्रॅम ओढ मागतो. इंजिनाला स्वतःचं वजनही चढवायचं असतं, म्हणजे चढावर अठराएक डबे. माझ्या फळीवर अकरा मावतात, त्यामुळे 'ओढ कमी आहे' या तक्रारीचा मला काही उपयोग नाही. तुमच्या फळीवर किती मावतात ते आधी मोजा.

सातवी पायरी: आवाज, डीसीसी आणि शेजारचे काका

'डीसीसी रेडी' म्हणजे आत फक्त खोबण आहे, डीकोडर नाही. खोबण आठ पिनांची की एकवीस, हे पेटीवर वाचा. डीकोडर वेगळा घ्यायचा असेल तर मोटर किती वीज खाते ते आधी तपासा: १२ व्होल्टवर इंजिन एक सेकंद हाताने दाबून धरा आणि किती अँपिअर जातात ते बघा. एचओचा नेहमीचा डीकोडर सलग १ अँपिअरचा. जुनी मोटर याहून जास्त खात असेल तर डीकोडर जळेल.

आता पहिल्या पायरीतला तो तिसरा प्रश्न, डीसी की डीसीसी. आवाजवालं इंजिन साध्या डीसीवर लावलं की सहा-सात व्होल्टपर्यंत ते ढिम्म हलत नाही. तेवढी वीज आधी डीकोडरलाच जागं व्हायला लागते. मग आवाज सुरू, आणि त्यानंतर इंजिन एकदम दौडत सुटतं. माझं पहिलं आवाजवालं इंजिन मी असंच तपासलं आणि 'चाल बेकार' म्हणून दोन वर्षं पेटीत ठेवलं. मित्राच्या डीसीसीवर लावलं तर ते रांगत निघालं. दोन वर्षं! म्हणून, डीसीवर चालवून आवाजवाल्या इंजिनाच्या चालीला नावं ठेवणाऱ्याचं मत बाजूला ठेवा. डीसीसीवरही कारखान्याच्या मांडणीत तपासू नका. डीकोडरमध्ये बदलता येणारे आकडे म्हणजे सीव्ही. सीव्ही २ म्हणजे सुरुवातीचं व्होल्टेज, सीव्ही ३ वेग घेण्याचा संथपणा, सीव्ही ४ थांबण्याचा. हे तीन जुळवल्यावर तेच इंजिन ओळखू येत नाही.

आवाजाची पारख मात्र माझ्या हातात नाही. त्यासाठी आमच्या मजल्यावरचे काका आहेत. घोरपडीच्या डिझेल शेडमधून निवृत्त. मी ॲल्कोचं आरएस-३ आणलं तेव्हा मोठ्या उत्साहाने त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि मिनिटभर ऐकलं.

"हे आपलं ॲल्को नाही रे."

"काका, ॲल्कोच आहे. पेटीवर लिहिलंय."

"असेल. पण हे दुसरं इंजिन आहे आतलं. आपलं असं धापा टाकत नव्हतं."

बरोबर होतं त्यांचं. आरएस-३मध्ये २४४ जातीचं बारा सिलिंडरचं इंजिन. डब्ल्यूडीएम-२मध्ये २५१ जातीचं, सोळा सिलिंडरचं. शेडच्या आठवणीसाठी मॉडेल घ्यायचं असेल तर २५१ सोळा सिलिंडरवाली घ्या, म्हणजे सी-४२४ किंवा सी-६२८. आणि आवाज त्याच जातीचा भरलाय का, हे विकणाऱ्याला विचारा. आवाज निम्म्यावर आणा. छोट्या स्पीकरला ओरडायला लावलं की सगळीच इंजिनं पत्र्याची होतात.

आठवी पायरी: वळण

चार आसांचं इंजिन १८ इंच त्रिज्येच्या वळणावर जातं. सहा आसांच्या इंजिनाला २२ तरी द्या, काहींना २४ लागते. चार फूट रुंद फळीवर २२ कसंबसं बसतं, २४ बसत नाही. 'रूळ सोडतं' हा दोष लिहून घेण्याआधी तेच इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालवून बघा. कपलरची उंचीही त्याच वेळी: केडीच्या मापकाशी जुळत नसेल तर डबे चढावर सुटतात आणि बोल इंजिनाला लागतात.

नववी पायरी: सुटे भाग आणि पावसाळा

हल्ली इंजिनं आगाऊ नोंदणीवर, मोजक्या संख्येने निघतात. तीनशे डॉलरच्या घरातलं इंजिन, त्यावर कुरिअर आणि कस्टम. आणि दोन वर्षांनी त्याचा एक आरसा तुटला तर तो कुठे मिळत नाही. घेण्याआधी त्या कंपनीच्या सुट्या भागांची यादी उघडून बघा. गिअर, बोगीची चौकट, कपलरची पेटी एवढं मिळत असेल तर मी पाच गुण वाढवून देतो.

आपल्याकडे आणखी एक परीक्षा असते, जून ते सप्टेंबर. पेटीतला फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो, भुगा होतो आणि रंगावर बसतो. जुना फोम काढून टाका, इंजिन मऊ सुती कापडात गुंडाळा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर जुन्या निळ्या पेटीतली लोखंडी पूड दाबून केलेली चाकं लगेच गंजतात. तिथे निकेल-सिल्व्हरची चाकं बसवून घ्या.

हे सगळं एका वहीत लिहायचं, इंजिन घरात आलं त्याच आठवड्यात. परत पाठवायची मुदत बहुधा छोटीच असते. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"जीपी३८-२, जुनं, दुसऱ्या हाताचं. लांबी २०९. हललं २.६ व्होल्टला, तासाभराने २.२. मीटर रांगत ९२ सेकंद. पुढची बोगी, उजवी पट्टी टेकत नव्हती, वाकवली. ओढ ६८ ग्रॅम. हँडरेल डावीकडे लाटांसारखी, गरम पाण्यात धरून सरळ करणे. नाक थोडं बोथट. नंतर आवाजाचा डीकोडर बसवला. काका: भोंगा बरा आहे, पण ब्रेकचा आवाज कुठल्यातरी ट्रकचा."